तिकडे दुखलं-खुपलं तर?

अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावातून परदेशी जाणारी माणसं पूर्वी बोटांवर मोजण्याइतकी असत. आता तसं राहिलेलं नाही. आमच्या कॉलनीत बावीस घरं आहेत आणि त्यातल्या सात घरांतली मुलं बाहेरच्या देशांत आहेत. कुणी न्यूजर्सीत, कुणी मेलबर्नला, कुणी दुबईत. मग आईबाप दोन-तीन वर्षांतून एकदा पाच-सहा महिन्यांसाठी तिकडे जाऊन येतात. जायचं ठरलं की घरात महिनाभर तयारी चालते. बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, शेव, नातवाची कानटोपी... शेजारून वजनकाटा आणून बॅग तेवीस किलोच्या आत बसवली जाते. पण "तिकडे अचानक दुखलं-खुपलं तर काय करायचं?" हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर घरातली बाई म्हणते, "जाताना असं अभद्र बोलू नये हो."

मी डॉक्टर नाही. शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तरी या विषयावर लिहावंसं वाटलं याला कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतले एक गृहस्थ अमेरिकेत मुलाकडे असताना गेले. दोन दिवस छातीत भरून येत होतं, पायऱ्या चढताना दम लागत होता. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मुलाची नोकरी नुकतीच गेली होती, त्याच्या डोक्यावर आपला खर्च नको, हा विचार. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं संपलं. त्यांच्या पत्नी परत आल्यावर आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सर, ते आजारानं नाही गेले, संकोचानं गेले."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. विचार करताना लक्षात आलं की परदेशात आपल्या वयाच्या माणसाला तीन संकोच असतात. मुलाला त्रास नको हा पहिला. खर्चाची भीती हा दुसरा. आणि आपल्याला त्यांची भाषा येत नाही हा तिसरा. या तिघांवर औषध एकच, ते म्हणजे आधीपासून असलेली माहिती. ऐन वेळी धीर येत नाही, तो घरून न्यावा लागतो.

तर सुरुवात नंबरापासून करू. अमेरिकेत आणि कॅनडात ९११. ब्रिटनमध्ये ९९९. ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. न्यूझीलंडला १११. सिंगापूरला रुग्णवाहिकेसाठी ९९५. संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेला ९९८, पोलिसांना ९९९. सौदीत रुग्णवाहिका ९९७ वर. युरोपात ११२. यात गंमत अशी की न्यूझीलंडमध्ये जो १११ जीव वाचवायला फिरवतात, तोच १११ ब्रिटनमध्ये तातडीचं नसलेलं दुखणं विचारण्यासाठी आहे. म्हणजे एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे गेलात तर नंबरही नव्याने पाठ करायला हवा.

मास्तरकीच्या सवयीने थोडा इतिहासही सांगतो. असा एकच सोपा नंबर असावा ही कल्पना आधी लंडनमध्ये प्रत्यक्षात आली, ३० जून १९३७ रोजी, ९९९ या नंबराने. अमेरिकेत पहिला ९११ लागला तो १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामा राज्यातल्या हॅलीव्हिल नावाच्या लहानशा गावात. आपल्याकडचा १०८ हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झाला आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये आला. आपल्या राज्यात सुरुवातीला ९३७ गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत पडली. त्याआधी आमच्या भागात पेशंट हलवायचा म्हणजे कुणाची तरी जीप शोधायची, मागे गादी टाकायची आणि धुळ्याचा रस्ता धरायचा. ज्या पिढीनं आयुष्यभर गाडी शोधण्यातच वेळ घालवला, तिला फोन केल्यावर गाडी दारात येते यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

आता आमचाच अनुभव सांगतो. जानेवारी २०१९. आम्ही दोघं न्यूजर्सीत मुलाकडे होतो. मुलगा आणि सून ऑफिसला, नात शाळेत. बाहेर बर्फ. सकाळी अकराच्या सुमारास सौ. ओट्यापाशी उभी असताना एकदम खुर्चीत बसली. कपाळाला घाम, डावा हात जड. मी जवळ गेलो तर म्हणते, "अहो, काही नाही, ॲसिडिटी असेल. रात्री साबुदाणा खाल्ला ना. त्याला फोन करू नका, त्याची मीटिंग आहे." आणि मी फोन हातात घेतल्यावर म्हणाली, "इथे ॲम्ब्युलन्सला लाखभर रुपये लागतात म्हणे!" बघा, तिन्हीपैकी दोन संकोच तिने अर्ध्या मिनिटात बोलून दाखवले. तिसरा, भाषेचा, तो माझा होता. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचतो बऱ्यापैकी, पण फोनवरचं अमेरिकन इंग्रजी म्हणजे धावत्या गाडीच्या खिडकीतून स्टेशनची पाटी वाचण्यासारखं.

सुनेने पहिल्याच दिवशी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावर घराचा पूर्ण पत्ता, अपार्टमेंटचा नंबर, पिनकोड आणि दोघांचे फोन. मी ९११ फिरवला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो "काय झालं?" असा नव्हता. "तुम्ही कुठे आहात?" असा होता. मला तेव्हा नवल वाटलं. नंतर कळलं की यामागे कारण आहे. फोन मध्येच तुटला, बोलणारा कोसळला, तरी पत्ता हाती असेल तर गाडी निघू शकते. मोबाइलवरून त्यांना ठिकाणाचा अंदाज येतो, पण दहा मजल्यांच्या इमारतीत कुठल्या मजल्यावर, कुठल्या दाराशी, हे मोबाइल नेमकं सांगेलच असं नाही. आयुष्यभर मुलांना नकाशात गाव शोधायला लावलं. त्या दिवशी कागदावर बोट ठेवून पत्ता वाचला. मग "वाइफ, चेस्ट पेन, सिक्स्टी सिक्स, स्वेटिंग," असं तुटक बोललो. व्याकरण पार कोसळलं होतं, पण त्या बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी विचारून घेतलं की ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, रक्तस्रावाचा काही आजार आहे का. नाही म्हटल्यावर गोळी चावून खायला द्यायला सांगितली. दार उघडं ठेवा म्हणाल्या आणि फोन चालूच ठेवला.

सर्वांत आधी दारात आला तो पोलीस! सौ. मला म्हणते, "पोलीस कशाला बोलावले हो?" तिकडे अनेक गावांत पोलिसाची गाडी जवळपास फिरत असते, त्यामुळे तोच आधी पोचतो, आणि त्याच्याजवळ प्राणवायू आणि हृदयाला झटका देण्याचं यंत्र असतं. त्याच्या मागोमाग रुग्णवाहिका आली. न्यूजर्सीत कितीतरी गावांत ही पथकं स्वयंसेवक चालवतात हे मला नंतर समजलं. दिवसा नोकरी-धंदा करणारी साधी माणसं, प्रशिक्षण घेऊन शेजाऱ्यांसाठी धावणारी.

हॉस्पिटलात मी खिशातलं कार्ड काढून काउंटर शोधत होतो, आधी किती भरायचे ते विचारायला. तसं काही नव्हतंच. तपासणी सुरू झाली, ईसीजी निघाला आणि कागदपत्रं विचारणारी बाई बऱ्याच वेळाने खाटेपाशीच आली. अमेरिकेत १९८६ सालापासून कायदा आहे की तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला, त्याच्याजवळ पैसे किंवा विमा असो-नसो, तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. बिल येतं, आणि चांगलं मोठं येतं, पण ते नंतर. जीव आधी. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात डॉक्टरांवर अशीच जबाबदारी टाकलेली आहे. इंग्लंडमध्ये तर पाहुणा म्हणून गेलेल्या माणसालाही तातडीच्या विभागातले उपचार फुकट असतात. दाखल करून घेतल्यावर मात्र पैसे लागतात, आणि परदेशी पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट. हे ठाऊक असेल तर "दारात उभं करणार नाहीत" ही भीती उरत नाही.

भाषेचं सांगायचं राहिलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुठली भाषा बोलता? मी म्हटलं, मराठी. पाच-सात मिनिटांत फोनवर एक बाई शुद्ध मराठीत बोलायला लागल्या! सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषा फुकट पुरवावा लागतो, असा तिकडचा नियम. त्या बाई "मी तुमचं ऑपरेशन करणार आहे" म्हणाल्या तेव्हा सौ. घाबरली. नंतर कळलं की दुभाषी बोलतात तेव्हा ते "मी" म्हणजे डॉक्टरांचं "मी" असतं. मला राहवेना. मी विचारलं, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत करून डॉक्टरांना विचारला, आणि डॉक्टर बिचारे हसत म्हणाले, "मी ओहायोचा." काम म्हणजे काम! त्या क्षणी त्या खोलीत सौ. पहिल्यांदा हसली.

एक रक्तवाहिनी बंद होती. स्टेंट घातला, चौथ्या दिवशी घरी आलो. आज ती ठणठणीत आहे आणि आत्ता हे लिहीत असताना आतून मला जेवायला हाका मारते आहे.

आता दुसरा संकोच, पैशांचा. तो खोटा नाही, म्हणून त्यावर नीट बोलायला हवं. अमेरिकेत रुग्णवाहिकेचं बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. २०२२ पासून अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध तिकडे कायदा झाला, पण त्यात हवाई रुग्णवाहिका आली आणि रस्त्यावरची राहिली. म्हणून जाण्यापूर्वी विमा. तोही कुठलाही नाही. स्वस्त विम्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, आणि अमेरिकेच्या बिलापुढे ती म्हणजे समुद्रात साखर. दुसरा प्रकार सर्वसमावेशक, महाग पण उपयोगी. आपल्या वयात बी.पी., शुगर आधीपासून असतेच आणि जुने आजार बहुतेक विम्यांतून वगळलेले असतात. पण जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर तेवढ्यापुरता खर्च देणारं कलम काही पॉलिसींत असतं. त्याला वयाची अट असते, अनेकदा सत्तरची, म्हणून वय बघून वाचावं. आणि अशा अनेक पॉलिसींत आणखी एक अट असते, त्रास सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत उपचार घेतलेले असले पाहिजेत. म्हणजे पैसे वाचावेत म्हणून जो दोन दिवस गप्प बसतो, त्याचा विम्याचा हक्कही जातो. खर्चाच्या भीतीने केलेला उशीर हाच सर्वांत खर्चिक ठरतो.

आमच्या बाबतीत विमा कंपनीने जुने कागद मागितले. अमळनेरच्या डॉक्टरांची पाच वर्षांची चिठ्ठ्यांची फाइल सौ.ने जपून ठेवली होती, ती शेजाऱ्यांनी घरातून काढून, फोटो काढून पाठवली. सात महिने पत्रव्यवहार चालला. बहुतेक रक्कम मिळाली. रद्दी रद्दी म्हणून मी ज्या फाइलला हसत असे, तिनेच आम्हाला तारलं.

आखाती देशांतल्या कामगारांची गोष्ट वेगळी. माझा एक विद्यार्थी तिकडे इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्यासारख्या, इमिग्रेशनची परवानगी घेऊन जाणाऱ्या कामगारांसाठी आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाखांचं संरक्षण, आणि दोन-तीन वर्षांचा हप्ता काहीशे रुपयांचा. शिवाय २००९ पासून आपल्या वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या, पैसे नसलेल्या भारतीयाच्या तातडीच्या उपचाराला त्यातून मदत होऊ शकते. त्याला मी विचारलं, वकिलातीचा नंबर आहे का तुझ्याजवळ? तो म्हणाला, "सर, एजंटचा आहे." मी त्याला त्याच दिवशी वकिलातीचा नंबर शोधून लिहून घ्यायला लावला. त्याच्या आईकडेही एक प्रत ठेवली.

आता कागदाविषयी. फ्रिजवरच्या त्या एका कागदाने मला जे शिकवलं, ते मी आता कुणी परदेशी निघालं की सांगत सुटतो. लोक कंटाळतात, असो. कागदावर घराचा पूर्ण पत्ता, इमारतीच्या फाटकाचा काही कोड असेल तर तोही. जवळच्या एका ओळखीच्या कुटुंबाचा फोन. विम्याचा नंबर. पूर्वीची ऑपरेशनं, ॲलर्जी. आणि औषधांची मूळ नावं, कारण आपली दुकानातली नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. आपली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल हे आपल्याला माहीत असतं, पण त्याच पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होतं. शुगरचं तर आणखीच. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर वेगळ्या मापात मोजतात. यंत्रावर ९ दिसलं की आपला माणूस "शुगर संपली!" म्हणून साखर खायला धावायचा. त्या ९ ला १८ ने गुणा, १६२ येतात. गुणाकार मराठी शाळेतला असला तरी तिथे चालतो.

हे सगळं तिकडे गेलेल्यांचं. पण आमच्या कॉलनीत उलटी बाजू रोज दिसते. मुलं तिकडे आणि आईबाप इकडे, एकटे. मेलबर्नच्या मुलाला रात्री आईचा फोन आला, "बाबा पडलेत," तर तो तिथून १०८ फिरवू शकत नाही. तो नंबर देशाबाहेरून लागत नाही. तसाच इथून तिकडचा ९११ लागत नाही. इथे ९११ फिरवून मुलाकडे न्यूजर्सीत गाडी जाणार नाही. जग जवळ आलं म्हणतात, व्हिडिओवर नातवाचा दात पडलेला दिसतो, पण रुग्णवाहिका अजून ज्या त्या गावचीच आहे. तिला बोलावणारा माणूस त्याच गावात लागतो.

म्हणून आमच्या सात घरांनी एक केलं आहे. प्रत्येक घराची एक किल्ली शेजारी असते. परदेशातल्या मुलांच्या मोबाइलमध्ये शेजारच्या दोन घरांचे नंबर आहेत, आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये मुलांचे. औषधांचा कागद देवघराशेजारी टांगलेला. गेल्या पावसाळ्यात एका काकूंना रात्री दीड वाजता उलट्या सुरू झाल्या. मुलाने दुबईहून शेजारच्या नानांना उठवलं, नानांनी १०८ ला. पहाटे काकू सलाइनवर होत्या आणि मुलगा फोनवर नानांना पुन्हापुन्हा धन्यवाद देत होता. नाना म्हणाले, "अरे, धन्यवाद कशाचे? तू आलास की शेवभाजी खायला घाल."

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांना ना विमा होता ना ९११. पण न्यूजर्सीतल्या रोझेल गावात कार्पेंटरबाईंचं घर होतं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे क्षयाने त्या वाचल्या नाहीत, पण परक्या मुलखात त्या एकट्या नव्हत्या. आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी घरापासून लांब आलेल्या आजारी मुलांची शुश्रूषा करत, हे तर इथल्या जुन्या माणसांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलेलं. घरापासून दूर असलेल्या माणसाला उशाशी कुणीतरी लागतं, आणि "मला बरं वाटत नाही" हे त्याला न लाजता सांगता यायला लागतं.

तेव्हा मंडळी, परदेशी निघाला असाल तर पापडांच्या आधी कागद लिहा. आणि मुलांनो, आईबाप तुमच्याकडे आले की पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगा, "काही झालं तर मीटिंगमध्ये असलो तरी फोन करायचा. पैशांचं मी बघतो." ते स्वतःहून तुम्हाला विचारणार नाहीत. हे वाक्य तुमच्याकडूनच यायला हवं.